दर वर्ष-दीड वर्षाला बॅटरी बसते? महागडी सीलबंद घेण्याआधी गाडी तपासा

गाडीची बॅटरी वर्ष-दीड वर्षातच बसते, दुकानदार म्हणतो साधी नको, वरची सीलबंद घ्या, पाच वर्षं बघायला नको, तर घेऊ का? पावसाळ्यात आणि मग चवथीच्या तोंडावर हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, कारण मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, महिनोन्‌महिने अंगणात उभी असलेली गाडी बाहेर काढायची असते आणि सेल्फ मारला की नुसतं टिक टिक टिक. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एखादी बॅटरी लवकर गेली तर ती खराब निघाली म्हणता येईल, पण लागोपाठ दुसरी-तिसरी पण तशीच गेली तर दोष बॅटरीत नाही, गाडीत आहे किंवा गाडी वापरण्यात आहे, आणि तो तसाच ठेवून तुम्ही कितीही भारी बॅटरी बसवा, ती पण त्याच वाटेने जाणार, फक्त जास्त पैसे घेऊन. गाडी ठीक असेल तर मात्र मेंटेनन्स फ्री म्हणजे याच सीलबंद बॅटरीला थोडे जास्त पैसे द्यायला माझी काही हरकत नाही, उलट गोव्यात तीच घ्या म्हणेन.

सीलबंद म्हणजे नक्की काय ते आधी बघू, कारण दुकानात याबद्दल काहीही सांगतात. जुन्या पद्धतीच्या बॅटरीला वर सहा बुच असतात, आत शिशाच्या प्लेटी आणि ॲसिड, आणि प्लेटीच्या जाळीत शिशाबरोबर थोडं अँटिमनी मिसळलेलं असतं म्हणजे जाळी मजबूत होते, पण त्यामुळे चार्ज होताना गॅस जास्त सुटतो आणि पाणी उडतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं. मेंटेनन्स फ्री मध्ये अँटिमनीच्या जागी कॅल्शियम असतं, गॅस खूप कमी, शिवाय झाकणात वाफ अडवून परत खाली सोडायची वळणावळणाची वाट असते. पाणी कमी उडतं आणि नुसती ठेवली तरी चार्ज हळू उतरतो, फायदा तो एवढाच, पण आपल्या हवेत हा फायदा मोठा आहे. नाव सीलबंद असलं तरी गॅस बाहेर जायला बारीक भोक असतंच, म्हणून ती आडवी वगैरे करायची नाही. आणि वरती जो हिरवा डोळा असतो तो सहापैकी एकाच सेलची गोष्ट सांगतो, बाकीचे पाच मेले तरी तो हिरवाच दिसेल, त्याच्यावर विसंबून राहू नका.

तोटे पण दोन आहेत आणि ते कोण सांगत नाही. एक, पाणी घालता येत नाही, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) जास्त व्होल्टेज देत असेल तर साध्या बॅटरीत पाणी भराभर कमी होताना तुम्हाला दिसतं आणि तुम्ही सावध होता, सीलबंद मध्ये आतल्या आत सुकून जाते आणि एके दिवशी संपते. दुसरा, कॅल्शियमवाली बॅटरी वारंवार पार रिकामी झालेली सहन करत नाही. साधी बॅटरी एक-दोनदा पूर्ण उतरली तरी हळू चार्जिंगला लावून बऱ्यापैकी परत येते, ही तेवढी येत नाही. म्हणजे ज्याची गाडी उभी राहून राहून बॅटरी उतरते त्यालाच महागडी बॅटरी विकतात आणि त्याच्याकडेच ती लवकर मरते.

आता तपासणी. एक डिजिटल मल्टीमीटर लागेल, साधा चालतो, तीन-चारशे रुपयांचा पण पुरे.

रात्रभर गाडी उभी ठेवा, सकाळी दार-बिर न उघडता म्हणजे बॉनेट आदल्या रात्रीच मोकळं करून ठेवून, थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० ला आली तर जवळजवळ रिकामी. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खोटा मोठा येतो. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हाचा आकडा बघा, ९.६ च्या खाली जात असेल आणि बॅटरी सकाळी १२.५ च्या वर होती तर बॅटरी खरंच थकली. पण सकाळीच १२.१ असेल तर या दुसऱ्या टेस्टला काही अर्थ नाही, आधी चार्जरवर लावून पूर्ण भरा आणि मग परत करा. लोक अर्धी उतरलेली बॅटरी दुकानात नेतात, तिथे लोड टेस्टरवर, म्हणजे जोरात करंट ओढून बघणाऱ्या यंत्रावर, ती नापास होते आणि चांगली बॅटरी भंगारात जाते, हे मी खूप बघितलंय.

इंजिन चालू करून मोजा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला पाहिजे. लाईट, वायपर, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावा, तरी १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. तिथून खाली घसरून १२ च्या घरात आला तर बेल्ट ढिला, अल्टरनेटरचे ब्रश झिजलेले नाहीतर डायोड गेलेला. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि नवी बॅटरी बसवण्याआधी तो बदलाच बदला, नाहीतर ती उकळून मरेल. साधी बॅटरी असेल तर बुच उघडून पण कळतं, सहाच्या सहा सेलचं पाणी सारखंच कमी होत असेल तर ओव्हरचार्ज, एकाच सेलचं होत असेल तर तो सेल गेला किंवा डबा चिरला. नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरवर चालतो, मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो, तिथे एक आकडा बघून घाबरू नका, लाईट-ब्लोअर लावून थोडा वेळ बघत राहा.

केबलकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि किनाऱ्याकडच्या गाड्यांना तर हाच रोग. मिरामार, कळंगुट, कोलवा, बाणावली, समुद्राकडून येणारा वारा खारट, आणि वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तो पण बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, मग लग, म्हणजे केबलच्या टोकाला बॅटरीवर बसणारे धातूचे तुकडे, आतून हिरवे-पांढरे होऊन फुलतात. वरून पुसलेला टर्मिनल स्वच्छ दिसतो पण लगच्या आत, जिथे तांब्याची तार दाबलेली असते तिथे गंज असतो. आणि बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जिथे बोल्टने जोडलाय, बॉडीपासून इंजिनला जी विणलेली पट्टी जाते, ती कोणीच बघत नाही. याची टेस्ट सोपी. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (बॅटरीतून वर आलेला शिशाचा खुंट), लगवर नाही, पोस्टवर, दुसरी पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब, चांगल्या गाडीत तो ०.२ च्या आसपास राहतो. तसंच पॉझिटिव्ह पोस्टपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत. ही टेस्ट बॅटरी बदलायच्या आधी केली तर कितीतरी जणांचे पैसे वाचतील, कारण खराब अर्थिंगमुळे बॅटरी भरलेली असून सेल्फ सुस्त फिरतो आणि लक्षण हुबेहूब बसलेल्या बॅटरीसारखं दिसतं. चार्जिंग पण त्याच तारेतून परत येतं, म्हणजे बॅटरी कधी पूर्ण भरत पण नाही.

साफ करायला गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा (साध्या बॅटरीत हे पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका), पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, पॉलिश पेपर मारा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग लग बसवू नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, आणि हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा, पाना बॉडीला टेकला तर भाजतं.

आता मुख्य चोर, उभ्या गाडीतून उतरणारा करंट. घड्याळ, अलार्म, लॉकिंग, कॉम्प्युटर यांच्यासाठी थोडा करंट लागतोच, ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. पण हिशेब करून बघा, छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते माप), ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, म्हणजे पंधरा दिवसांत निम्मी बॅटरी काही न करता गेली. आणि निम्म्या बॅटरीवर गाडी नुसती पडून राहिली की प्लेटींवर सल्फेट घट्ट बसतं, ते नंतर चार्ज करूनही सगळं जात नाही. आमच्या बाजूच्या काकांच्या गाडीत म्हापशाच्या एका दुकानात मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ बसवलेला, तेव्हापासून तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसायची, त्यांनी तोपर्यंत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या, दुसरी तर सगळ्यात महागवाली. मीटर लावल्यावर तीनशे मिलिअँपिअरच्या वर निघाला. स्टिरिओला दोन वायर असतात, पिवळी कायम करंटची आणि लाल चावीवर येणारी, बसवणाऱ्याने दोन्ही पिळून एकत्र कायम करंटला जोडलेल्या, म्हणजे स्क्रीन काळी दिसते पण आतून चालूच. तीनशे मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सात एएच, अडीच दिवसांत निम्मी. लाल वायर बदलून चावीच्या लाईनला दिली, संपलं. त्या महागड्या बॅटरीची मात्र तोपर्यंत वाट लागली होती, ती परत पूर्ण ताकदीला आलीच नाही.

मोजायचं असं, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला, निगेटिव्ह लग काढून लग आणि पोस्ट यांच्यामध्ये मीटर. दार उघडं लागत असेल तर दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केल्यासारखं करा, चावी गाडीपासून लांब ठेवा, आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, लगेच बघितलं तर आकडा मोठा येणारच. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. आकडा जास्त निघाला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडेल तिथे चोर. स्टिरिओ, पार्किंग मोडवाला डॅशकॅम, रेंट-अ-कॅबला लावलेला जीपीएस ट्रॅकर, डिक्कीचा न विझणारा दिवा, ओबीडीला (गाडी कॉम्प्युटरवर तपासायचं सॉकेट) खुपसून ठेवलेलं यंत्र, हीच नेहमीची मंडळी. हे सगळं स्वतःला जमत नसेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा, पण त्याला सांगा की उभ्या गाडीचा करंट मोजून दे, नुसतं "बॅटरी बघ" म्हटलं तर तो बॅटरीच बघेल.

वापराबद्दल थोडं, कारण गोव्यातलं ड्रायव्हिंग बॅटरीला तसं वाईटच. घरापासून बाजार, बाजारापासून शाळा, शाळेपासून देऊळ, सगळं दहा-पंधरा मिनिटांत. लोकांना वाटतं सेल्फ मारण्यात बॅटरी संपते, तसं नाही, दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.१ एएच पण होत नाही. संपते ती उभी असताना आणि इंजिन बंद ठेवून वापरल्याने. रायबंदरला चोडणच्या फेरीसाठी रांगेत थांबलोय, उकडतंय म्हणून चावी अर्धी फिरवून ब्लोअर आणि गाणी चालू, अर्ध्या तासात पाच एएच सहज जातात, छोट्या बॅटरीचा सातवा हिस्सा झाला तो. मग फेरीतून उतरून दहा मिनिटांत घर, ते पाच एएच परत आले नाहीत. बॅटरी जशी भरत येते तशी ती करंट कमी कमी घेते, म्हणून उतरलेली बॅटरी जम्प मारून पणजीला चक्कर मारून आलं की भरली असं होत नाही, चार्जरवर रात्रभर लावावीच लागते, साडेतीन-चार अँपिअरचा छोटा स्वयंचलित चार्जर ३५ एएच ला बरोबर. पावसात तर वायपर, लाईट, एसी सगळं चालू आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर, म्हणजे आवकच कमी.

बोटीवर असणाऱ्यांच्या गाड्या सहा-सहा महिने उभ्या असतात, माझे भावोजी बोटीवरच आहेत आणि दर वेळी ते घरी सांगून जायचे की आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन चालू करा. ते बंद करायला लावलं. पाच मिनिटांत बॅटरीत काही जात नाही, उलट थंड इंजिनमध्ये पाणी साचतं. आता जाताना चार्जरने बॅटरी पूर्ण भरतात, दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढून ठेवतात, दार चावीने लॉक. इथे मात्र मेंटेनन्स फ्री चा खरा फायदा आहे, ती नुसती पडून हळू उतरते, साधी त्याच्यापेक्षा बरीच लवकर, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीला मी साधी बॅटरी अजिबात घेऊ देणार नाही.

हे सगळं तपासून गाडी ठीक निघाली, तर पैशांचा हिशेब करू. समजा साधी बॅटरी ४,००० ला, वॉरंटी १८ महिने फुकट बदलून आणि पुढचे १८ प्रो-राटा, आणि वरची सीलबंद ५,६०० ला, ३० फुकट आणि २५ प्रो-राटा. पूर्ण वॉरंटीने भागलं तर महिन्याला १११ आणि १०२, फारसा फरक नाही. पण प्रो-राटा म्हणजे काय, तर नव्या बॅटरीवर सूट, आणि ती सूट बहुतेक छापील किमतीवर धरतात, दुकानात मिळणाऱ्या भावावर नाही, म्हणजे हातात थोडंच पडतं. म्हणून मी फुकटच्या महिन्यांनीच भागतो, २२२ आणि १८७, इथे वरची जिंकते. आकडे तुमच्या कोटेशनचे घाला, रीत हीच ठेवा. आणि एक गोष्ट वॉरंटी कार्डात वाचून घ्या, उतरलेली बॅटरी हा दोष धरत नाहीत, ते चार्ज करून टेस्ट करतात आणि "ठीक आहे" म्हणून परत देतात. म्हणजे ज्या कारणाने आपल्याकडे बॅटऱ्या मरतात त्याला लांब वॉरंटी उपयोगी पडतच नाही. टॅक्सीला तर बहुतेक ठिकाणी वॉरंटी निम्म्यावर येते, भाड्याच्या गाडीवाल्यांनी हे विचारूनच पैसे द्यावेत.

आणखी वरची, एजीएम, ती वेगळीच. काचेच्या तंतूंच्या चादरीत ॲसिड शोषून ठेवलेलं, वारंवार उतरणं-भरणं खूप चांगलं सोसते, पण उष्णता आणि ओव्हरचार्ज सोसत नाही आणि किंमत खूप जास्त. कंपनीनेच गाडीत एजीएम किंवा ईएफबी (वारंवार उतरणं-भरणं सोसेल अशी सुधारलेली ॲसिडवाली बॅटरी) दिली असेल, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी, तर तीच परत घाला, तिथे काटकसर करू नका. साध्या गाडीला मात्र बॉनेटखालच्या आपल्या उकाड्यात एजीएम बसवायला मी तरी सांगणार नाही. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्याच्या जवळ येतं, आणि इंजिनशेजारची बॅटरी बाराही महिने भट्टीतच असते. म्हणूनच बॅटरीभोवतीचं कंपनीचं प्लास्टिकचं कव्हर मेकॅनिकने काढून टाकलं असेल तर परत लावून घ्या, ते शोभेसाठी नाही. सीसीए, म्हणजे कडाक्याच्या थंडीत सेल्फ फिरवायला बॅटरी किती करंट देते तो आकडा, जास्त आहे म्हणून जास्त पैसे मागितले तर पण विचार करा, सीसीए उणे १८ अंशाला मोजतात, आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पण पारा वीसच्या आसपास असतो. कंपनीने सांगितलाय तेवढा असला की बास.

घेताना बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख बघा, कोड समजत नसेल तर दुकानदाराकडून फोडून घ्या, तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. महागडी मॉडेलं छोट्या गावच्या दुकानात कमी खपतात आणि शेल्फवर पडून राहतात, म्हणून त्यांची तारीख जास्त नीट बघायची. आपला मीटर घेऊन जा आणि तिथेच मोजा, १२.५ च्या खाली असेल तर घेऊ नका. मॉडेल नंबरच्या शेवटी एल किंवा आर असतं, ते टर्मिनल कुठल्या बाजूला त्याचं, उलटं घेतलं तर केबल पोचत नाही आणि मग लोक ओढून ताणून जोडतात. जुनी बॅटरी त्याच दुकानात द्या, बिलात तेवढे पैसे कमी होतात आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे ती गोळा करून रीसायकल करायची जबाबदारी पण बनवणाऱ्यांवरच आहे, माडाखाली टाकून ठेवू नका, शिसं विहिरीपर्यंत जातं. नवी बसल्यावर दुकानासमोरच इंजिन चालू करून व्होल्टेज बघा, आणि बसवल्याची तारीख, त्या दिवशीचा चार्जिंगचा आकडा आणि उभ्या गाडीचा करंट हे तिन्ही मार्करने बॅटरीवरच लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी काही झालं तर इलेक्ट्रिशियनला सुरुवात कुठून करायची ते कळेल.